दरपत्रकात नसलेले फूल

लातूरला माझी थोरली बहीण असते. आम्ही सारी भावंडे तिला अक्का म्हणतो. तिचा धाकटा मुलगा 'वितरणात आहे' असे ती शेजारीपाजारी सांगते. कशाच्या, असे कोणी विचारलेच, तर 'पेयांच्या' एवढे सांगून ती चहा ठेवायला आत जाते. खरे म्हणजे भाचा एका घाऊक दारूविक्रेत्याकडे नोकरीला आहे. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या परवानाधारक दुकानांना माल पोचवण्याचे काम त्याच्याकडे असते.

यंदा चैत्रात मी तिच्याकडे गेलो. गंजगोलाईला एक प्रदक्षिणा घातली. मधोमध जगदंबेचे देऊळ आणि भोवती सोळा रस्ते, अशी ही बाजारपेठ आहे. परका माणूस ज्या रस्त्याने आत शिरतो, त्याच रस्त्याने बाहेर पडेल याची खात्री नाही. मीही भलतीकडेच निघालो आणि फिरत फिरत भाच्याच्या गोदामावर पोचलो. टेबलावर एक गुळगुळीत कागदाचे रंगीत दरपत्रक पडले होते. वेळ घालवायला ते हातात घेतले.

"काय बघायलाव मामा? नव्या मालाची यादी आहे ती."

मी चहापलीकडे कधी गेलेलो नाही. तरीही यादी मोठी वाचनीय होती. नाशिकच्या लाल आणि पांढऱ्या वाइन होत्या. हिमालयातल्या हपुषेची फळे घालून गोव्यात गाळलेली जिन होती. काजूची फेणीही होती. फेणीच्या नावापुढे तर घराण्याचा इतिहास असावा तशी माहिती छापली होती. तिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगिजांनी इकडे आणलेले. चारशे वर्षे राहिले की पाहुणाही घरचा होतो म्हणायचा!

"लातुरात हे घेतं कोण?" मी विचारले.

"डॉक्टर लोक, क्लासवाले. वाइन म्हणजे दारू नव्हे म्हणतात मामा."

हे वाक्य मी आधीही ऐकले होते. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा ते फार गाजले. मग गदारोळ झाला आणि ते प्रकरण थंडावले. कायद्याच्या पुस्तकात मात्र आजही गंमत आहे. महाराष्ट्रात दारू प्यायची तर पिणाऱ्याजवळही परवाना हवा. वाइनला एकवीस वर्षे पुरी लागतात, कडक दारूला पंचवीस.

गोदामाबाहेर पाण्याचा टँकर उभा होता. तो पाहिला आणि एप्रिल 2016 ची आठवण झाली. त्या महिन्यात मिरजेहून आगगाडीने या शहराला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आले. त्याच सुमारास मराठवाड्यातल्या मद्याच्या कारखान्यांचे पाणी कमी करा, असा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. तेव्हा अक्का दोन घागरींत सारा दिवस काढत असे. ती हे सांगते तेव्हा भाचा खाली बघतो.

दुसऱ्या दिवशी तेरला गेलो. हे गाव आता धाराशिव जिल्ह्यात आहे. 1982 मध्ये जिल्हा तुटला नसता, तर लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात राहिले असते. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर नावाचे नगर होते. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे टिपण लिहिले. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे असे तो सांगतो, आणि तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला येते, अशी नोंद करतो. भडोच बंदरात काय उतरते याची यादीही त्याने दिली आहे. त्यात वाइन आहे. पसंती इटलीच्या वाइनला, मग लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. राजासाठी आणखी उंची वाइन वेगळी! माझ्या भाच्याच्या दरपत्रकातही क्रम असाच लावलेला होता.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या आणि दगडाच्या वस्तू पाहताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. या गावात सापडलेली एक हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईला मिळालेल्या बाहुलीची बहीण शोभते. पाँपेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेले. म्हणजे माल दोन्हीकडून जात-येत होता. मराठवाडा तेव्हा कापड पाठवत होता, आणि उंची पेय समुद्रापलीकडून येत होते.

आणि इथले स्वतःचे पेय? ते पाहायला नांदेड गाठले. तिथे गुरुद्वाऱ्यात लंगर घेतला आणि मुदखेड, भोकरच्या मार्गाने जाणारी किनवटची गाडी पकडली. किनवट हा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 मध्ये तो नांदेडकडे आला. त्यामुळे स्टेशनावर मराठी आणि तेलुगू दोन्ही कानावर पडतात. पैनगंगेच्या अलीकडे सागाचे जंगल आहे, आणि जंगलात गोंड-कोलामांच्या वस्त्या.

पहाटे झाडाखाली जावे लागते. मोहाची फुले रात्रभर फुलतात आणि उजाडायच्या आत टपटप गळतात. पिवळट पांढरी, रसाने फुगलेली. वास गोड आणि जरा उग्र. टोपली घेतलेली एक म्हातारी वाकून वेचत होती. तिच्या अंगणात फुले वाळत घातली होती. वाळली की ती तपकिरी होतात आणि मुठीत मावतात. दुष्काळाच्या सालात भाकरीच्या जागी हीच खाल्ली, असे ती म्हणाली. दारू करायची तर ती काही दिवस पाण्यात भिजवून आंबवतात, मग मडके चुलीवर ठेवतात. वरच्या भांड्यातल्या थंड पाण्याने वाफ निवते आणि धार लागते.

"फूल आमच्या झाडाचं साहेब. पण घरात साठवलं की गुन्हा."

ही तक्रार जुनी आहे. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यासाठी मोहफुलांवर बंधने घालणारा कायदा 1892 मध्येच केला. पुढे दारूबंदीच्या कायद्यानेही फुले वेचण्या-साठवण्यावर नजर ठेवली. ती बंधने राज्य सरकारने 2021 मध्ये सैल केली. फुले आता मोकळेपणी जमवता येतात. घरी गाळणे मात्र अजूनही गुन्हाच.

मला वाटले, बाई दारूच्या बाजूने बोलतील. तसे झाले नाही.

"माझा धनी पिऊन पिऊनच गेला," ती म्हणाली. "पण लग्नाला, देवाला पहिली धार लागतेच. ती कुठून आणावी?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. गावोगाव बायका मतदान करून 'बाटली आडवी' करतात, निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद होते, हे मला मान्यच आहे. पण शहरात मोहाची दारू बाटलीत भरून, देखणे नाव लावून विकता येते. देस्मंड नाझारेथ यांनी 2018 च्या सुमारास ते करून दाखवले. त्या बाटलीच्या किमतीतले किती पैसे पहाटेच्या टोपलीपर्यंत पोचतात, हा प्रश्न मला सतावत राहिला. फेणीला वारसा म्हणायचे आणि या म्हातारीच्या मडक्याला मुद्देमाल, हे काही पटेना.

तिने निघताना वाळल्या फुलांची पुरचुंडी दिली. पैसे घेईना, फार आग्रह केला तेव्हा नातवासाठी म्हणून घेतले. गाडीत समोर पोलीस बसला होता. कायदा सैल झाल्याचे ठाऊक असूनही नांदेड येईपर्यंत मी ती पिशवी पायामागे दडवून होतो.

लातूरला परत आल्यावर पुरचुंडी त्या रंगीत दरपत्रकावरच ठेवली. भाच्याने उघडून वास घेतला.

"ह्याचा भाव काय लावायचा मामा?"

एवढ्यात अक्का चहा घेऊन आली. तिने दोन फुले सहज तोंडात टाकली.

"मनुका दिसतात रे. नाशिकच्या का?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी चहाचा कप उचलला.