अडगावची सावली : घरगुती वॉश आणि १८०३ मधली एक संध्याकाळ

आजचा धागा थोडा आडवाटेचा आहे. विषय सावलीचा : करंगळीच्या पेराएवढ्या सैनिकाच्या अंगरख्याच्या चुणीत पडणारी सावली, आणि ती राजापेठेतल्या माझ्या खोलीत कशी तयार होते.

गेले काही महिने मी टेबलावर अडगावची लढाई मांडतो आहे. अडगाव म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातले, तेल्हारा तालुक्यातले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा तेथे नागपूरकर भोसल्यांचे पायदळ व तोफा आणि शिंद्यांचे घोडदळ यांच्यावर चालून गेल्या. भोसल्यांच्या बाजूने सेनापती होते रघूजी (दुसरे) यांचे बंधू व्यंकोजी उर्फ मन्याबापू. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला, ३० ला सुर्जी-अंजनगावचा. महिनाभरात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या पदरात पडला. एवढे घडूनही २३ सप्टेंबरच्या आसईपुढे अडगाव झाकोळूनच राहते. आपल्याच मातीतली लढाई आपल्यालाच परकी वाटावी, हे मला फार दिवस खुपत होते.

वॉरगेम, म्हणजे नियम, फासे आणि छोटे सैनिक घेऊन मांडलेले युद्ध, हा मूळचा प्रशियन लष्कराचा खेळ. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याचे नियम छापले आणि तो तिथल्या अधिकाऱ्यांत रुजला. मी वापरतो ते सैनिक २८ मिलिमीटर मापाचे. एवढ्या लहान आकृतीवर खऱ्या उजेडाची सावली उमटतच नाही. ती रंगवून दाखवावी लागते. त्यासाठी वॉश. मूळ रंग वाळल्यावर वरून पाण्यासारखा पातळ, गडद रंग सोडायचा. तो उंचवट्यांवरून ओघळून खोबणींत साचतो आणि पागोट्याचा प्रत्येक पेच वेगळा दिसू लागतो.

परदेशी वॉशची एक बाटली माझ्या आठवड्याच्या मेसच्या खर्चाएवढी पडते. म्हणून घरगुती. माझे प्रमाण असे : अॅक्रिलिक रंग १ भाग, मॅट मीडियम २ भाग, पाणी ५ भाग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. हा थेंब महत्त्वाचा. पाण्याचा पृष्ठताण मोडला नाही, तर रंग खोबणीत उतरत नाही, अळूच्या पानावरच्या थेंबासारखा वर बसून राहतो. दोन थेंब घातले की फेस येतो आणि वाळल्यावर बुडबुड्यांची वर्तुळे उरतात. मीडियम रंगाचे कण धरून ठेवते. नुसत्या पाण्यात कण कडेला वाहत जातात आणि डागाची किनार उमटते. मे महिन्यात अमरावतीचा पारा ४५ च्या आसपास असताना तर ही किनार हमखास येते, तेव्हा मी ग्लिसरीनचा अगदी लहानसा थेंब मिसळतो. जास्त झाले की सैनिक दिवसभर चिकट राहतो. पाणी बॅटरीचे, डिस्टिल्ड. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले पाणी वाळले की पांढरा थर मागे ठेवते, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. भरून ठेवायला डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली उत्तम. थेंब मोजता येतात.

मोडी कागद वाचताना मला ही कृती ओळखीची वाटू लागली. जुनी शाई काजळाची, आणि काजळाला धरून ठेवणारा बाभळीचा डिंक. रंगकण, चिकटवणारे द्रव्य, पाणी : मांडणी तीच. मी काजळ-डिंकाचा वॉश करूनही पाहिला. छटा देखणी येते, पण डिंक ओल लागताच पुन्हा सुटतो, तेव्हा वरून वॉर्निश चढवावेच लागते.

खरा प्रश्न कोणती छटा हा आहे. तयार बाटल्या आणि त्यांच्यासोबतच्या रंगसूचना युरोपीय गणवेश समोर ठेवून केलेल्या. ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीच्या लाल कोटावर तपकिरी वॉश छान बसतो. तोच भोसल्यांच्या शिपायाच्या पांढऱ्या सुती अंगरख्यावर सोडा. माणूस मळका, दरिद्री दिसू लागतो. टेबलाच्या एका बाजूला झळाळती फौज आणि दुसऱ्या बाजूला मळकट जमाव, आणि पाहणारा पहिला फासा पडण्याआधीच मनात निकाल लावून मोकळा होतो. म्हणून पांढऱ्यासाठी मी यलो ऑकर, थोडा बर्न्ट अंबर आणि निळ्याची जेमतेम छटा घेऊन दसपट पातळ करतो. सूत सूतच दिसते. मळ फक्त पायांशी, तोही काळा नव्हे : वाळलेल्या काळ्या मातीची धूळ राखाडी-तपकिरी असते.

त्वचेबाबतही तेच. ‘भारतीय’ म्हणून सगळ्यांना एकच गडद तपकिरी वॉश द्यायची रीत मला मान्य नाही. भोसल्यांच्या पदरी अरब होते. पुढे गाविलगड लढवताना पडलेला किल्लेदार बेनीसिंग राजपूत होता. मी चेहऱ्यांसाठी तीन बाटल्या ठेवतो. वेलस्लीचे खलिते सविस्तर आहेत, पण त्यांत समोरचे सैन्य म्हणजे एक ‘रांग’. रांगेला चेहरे द्यायला निदान एवढे तरी करता येते.

वॉशची एक खोड मात्र जात नाही. तो सगळ्या खोबणी सारख्याच भरतो, जणू सूर्य डोक्यावर आहे. अडगावची लढाई दुपार कलल्यावर पेटली आणि पाठलाग चांदण्यात झाला. म्हणजे उजेड तिरपा हवा. पाटाच्या एका कडेला मी चिकटपट्टी लावून ‘पश्चिम’ लिहिले आहे. वॉश वाळला की विरुद्ध बाजूला बारीक ब्रशने रेघा आणि ठिपके देतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात छाया देण्याचे तीन प्रकार आहेत : पत्रजा, आहैरिका, बिंदुजा. त्यांतली पत्रजा पानांच्या शिरांसारख्या रेघांची, बिंदुजा ठिपक्यांची. वऱ्हाडच्या वेशीवर अजिंठा असताना मी हे परदेशी व्हिडिओंतून शिकत बसलो होतो, याचे हसू येते.

सध्या मन्याबापूंचे तोफखान्याचे गोलंदाज झाले आहेत, शिंद्यांचे स्वार उरले आहेत. गाविलगडासाठी वेगळी बाटली लागेल : काळ्या कातळाच्या तटाला काळा वॉश उठून दिसत नाही, त्यात शेवाळी हिरवा मिसळून पाहतो आहे. जमला की प्रमाण याच धाग्यात खाली टाकीन.