माळावरचं गवत दारात

गवत लावायचं कसं, हे मला कुणी सांगेना. ते काढायचं कसं, कोणतं तणनाशक मारायचं, हे सांगणारे सासवडच्या आसपास पावलोपावली भेटतात. मला लावायचं होतं. आमच्या घराला लागून असलेला माळ विकला गेला होता आणि पावसाळा सरला की तिथे सपाटीकरण सुरू होणार होतं. दिवाळीच्या सुमाराला त्या माळावर जे तांबूस-सोनेरी गवत वाऱ्यावर लवतं, ते घरामागच्या आमच्या दोन गुंठ्यांत तरी राहावं, एवढीच इच्छा होती. मालकांनी ‘हवं तेवढं न्या’ म्हणून परवानगी दिली. आता न्यायचं काय, कधी आणि कसं, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

आधी नर्सरीत चौकशी केली. शोभेचं गवत तिथे होतं: जांभळट पात्यांचं फाउंटन ग्रास आणि मोठ्या पांढऱ्या तुऱ्यांचं पंपास. दिसायला देखणं, पण एक मूळचं आफ्रिकेतलं, दुसरं दक्षिण अमेरिकेतलं. फाउंटन ग्रासची हिरवी जात हवाई बेटांवर बागांमधून सुटली, कोरड्या रानांत पसरली आणि तिथे वणवे वाढायला कारण ठरली, असं वाचनात आलं. उन्हाळ्यात आधीच पेट घेणाऱ्या आमच्या माळाशेजारी तसलं काही लावायला मन धजेना.

मग मे महिन्यात माळावर गेले, आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. सगळं एकाच रंगाचं, वाळून कोळ झालेलं. कुठलं गवत कुठलं, जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं, काही उमगेना. फुलझाडाचं पान बघून ते ओळखायची सवय. इथे पानंच सारखी. मेंढरं घेऊन माळावर येणाऱ्या एक मावशी तेवढ्यात भेटल्या. मी काय शोधते आहे हे ऐकून त्या हसल्या नाहीत. वाळकी काडी मोडून माझ्या हातात देत म्हणाल्या, “ताई, पेराला बोट लावून बघा. लव लागंल. हा मारवेल.”

खरंच, काडीच्या प्रत्येक पेराभोवती बारीक पांढऱ्या केसांचं कडं होतं. इतकं नाजूक, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. बोटाला मात्र लगेच कळतं. मारवेलाच्या शास्त्रीय नावातलं ‘अ‍ॅन्युलेटम’ याच कड्यावरून आलेलं आहे. पलीकडच्या ठोंबाचा बुडखा मावशींनी चिमटीत धरायला लावला, तो चपटा लागला. ती कुसळी. आणि जिची काडी बोटांत फिरवली की तीन धारा लागतात तो लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, पण गवताच्या कुळातला नाही. त्याची गाठ एकदा घरात आली की निघत नाही, तेव्हा तो चुकूनही उचलायचा नाही, असं त्यांनी बजावलं. त्या दिवसानंतर मी गवत डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त ओळखायला लागले.

पुढे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी मला दबडघाव आणि शंकरनारायण यांचं १९७३ सालचं ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हे पुस्तक दाखवलं. देशातल्या गवताळ प्रदेशांचे त्यांनी पाच मुख्य प्रकार मांडले आहेत आणि दख्खनच्या आमच्या भागाचा प्रकार आहे सेहिमा-डायकँथियम. सेहिमा म्हणजे शेडा आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. ज्याला सरकारी कागदोपत्री सर्रास ‘पडीक’ म्हटलं जातं आणि जे उद्या बुलडोझरखाली जाणार आहे, त्या गवतावरून द्वीपकल्पातल्या केवढ्या तरी प्रदेशाला ओळख मिळाली आहे. हे वाचून मला फार वाईट वाटलं. चिंकारा, लांडगे, माळावर जमिनीलगत घरटी करणारे पक्षी, मेंढपाळांची वैरण, सगळं या ‘पडीक’ जमिनीच्या आधाराने आहे.

कधी काढायचं यावर प्रत्येकाचं मत वेगळं. एकजण म्हणाले, उन्हाळ्यात ते झोपलेलं असतं, आत्ताच हलवा. दुसऱ्यांचं म्हणणं, थंडीत हलवा, ऊन सोसावं लागणार नाही. मावशींचं उत्तर सगळ्यांत सोपं होतं: माळ हिरवा व्हायला लागला की. याचं कारण मला नंतर कळलं. ही सगळी उष्ण हवामानातली गवतं. त्यांची नवी मुळं पावसाच्या ओलीतच जोमाने फुटतात. थंडीत वाढ थांबते, तेव्हा तोडलेलं मूळ भरून येत नाही. आणि मे महिन्यात कोरड्या मातीत लावलेला ठोंब हिरवा होण्याआधीच सुकून जातो. आमच्याकडे मृग बहुधा कोरडाच जातो. आर्द्रात दोन चांगल्या सरी झाल्या, बुडख्यांतून हिरवी टोकं डोकावली, आणि मी कुदळ, पहार, खुरपं नि घमेली घेऊन माळावर पोचले.

खणताना कळलं की वरचं गवत म्हणजे अर्धंच गवत आहे. वर दिसणाऱ्या ठोंबाखाली मुळांची अशी दाट जाळी होती, की मुरुमाचे खडे तिने गच्च आवळून धरले होते. पहारीने उचकटून घमेलंभर गड्डा निघाला तेव्हा मी तो तसाच, अख्खा, मातीसकट नेऊन लावणार होते. मावशी म्हणाल्या, “मधलं मेलंय, ते कशाला वागवता?” त्यांनी खुरप्याने गड्डा फोडला. मधला भाग खरोखरच पोकळ, काळपट आणि भुसभुशीत होता. जिवंत फुटवे कडेकडेने होते. जुना ठोंब असाच बाहेर बाहेर सरकत जातो आणि मध्ये मरत जातो. कडेच्या चार-पाच फुटव्यांचा एकेक जुडगा त्यांनी वेगळा केला. मग पाती धरली आणि वीतभर ठेवून सरळ छाटून टाकली. मुळंही चार बोटं ठेवून कापली.

माझा जीव कळवळला. जे दिसावं म्हणून मी ते नेत होते, तेच घमेल्यात कचरा होऊन पडलं होतं. पण त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. मुळं तुटलेली असताना पाती तेवढीच राहिली, तर ती पाणी उडवत राहतात आणि मुळांना ते पुरवता येत नाही. आणि गवताच्या वाढीचं ठिकाण पात्याच्या टोकाशी नसतंच. ते खाली, जमिनीलगत, बुडख्यात असतं. म्हणून तर मेंढराने खाल्लं, विळ्याने कापलं, वणव्याने वरचं जळलं तरी गवत पुन्हा उठतं. झाडाचा शेंडा खुडल्यावर जे होतं ते इथे होत नाही.

लावणीत नाजूक गोष्ट एकच, आणि तिथे माझा हात सारखा अडखळत होता: बुडख्याची मान मातीच्या नेमकी बरोबरीला यायला हवी. खोल गेली तर पावसात कुजते, वर राहिली तर उघडी पडून सुकते. शेणखत घालायचा आग्रह अनेकांनी केला. मी घातलं नाही. मुरमाड जमिनीत वाढलेल्या गवताला कसदार माती दिली की ते लांबतं आणि पावसात लोळतं, शिवाय इतर तण त्याच्यावर चढतं. दोन ठोंबांत दीड फूट अंतर ठेवलं, माती पायाने घट्ट दाबली, पाणी दिलं.

मग पावसाने ओढ दिली. ठोंबांची उरलेली पातीही पिवळी पडली आणि वाळली. दुसऱ्या झाडाच्या बाबतीत अशी लक्षणं म्हणजे संपलंच. रोज सकाळी मी तिथे जाऊन उभी राहत असे आणि काय समजायचं ते समजत नसे. पाणी घालावं की अति होईल? उपटून बघावं की बघण्यातच जाईल? शेवटी पुन्हा मावशींनाच गाठलं. त्या एवढंच म्हणाल्या, “पात बघू नका. बुडखा बघा.” एका ठोंबाला हलकेच वर ओढलं, तर त्याने ओढ धरली, म्हणजे खाली मुळं लागली होती. बाहेरचं वाळकं आवरण नखाने सोलून पाहिलं, तर आत तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, फिकट हिरवा, ओलसर कोंब दडलेला. तो कोंब पाहून झालेला आनंद मला नीट सांगता येणार नाही.

मारवेलाने पुढे सोपं केलं. त्याची जमिनीवर लोळणारी कांडी पेराशी मुळं सोडते, म्हणून कापलेल्या कांड्या दोन पेरं मातीत जातील अशा आडव्या पुरल्या आणि त्यातल्या बऱ्याच लागल्या. उसाची टिपरी लावतो तशीच ही रीत. ऊस, ज्वारी, मका, वाळा, गवती चहा, मारवेल, कुसळी हे सगळे गवतांच्या एकाच गटातले, अँड्रोपोगोनी नावाच्या, हे कळल्यावर त्याचं नवल वाटेनासं झालं. कुसळीचे ठोंब मात्र थोडेच टिकले. तिची खरी वाट बियाण्याची. पिकलेलं एक कुसळ मी बशीत ठेवून त्यावर पाण्याचे थेंब टाकले. दोरीसारखा पिळलेला तो काळसर केस हळूहळू उलगडत गोल फिरायला लागला. वाळला की पुन्हा पीळ भरतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने असं फिरत फिरत बी आपलं टोकदार बूड मातीत रुतवतं, आणि एकदा आत गेलं की वरून जाळ गेला तरी सुरक्षित राहतं.

आता तुरे आले आहेत, आणि कापायचं कधी यावर पुन्हा दोन मतं. मावशींच्या मते कुसळी कुसळं येण्याआधीच कापायला हवी होती, कारण नंतर ती जनावराच्या तोंडात रुतते, लोकरीत अडकते. मला बी पडायला हवं आहे. म्हणून वाटेकडची कुसळी कोवळी असतानाच कापून त्यांना वैरणीला दिली, आणि भिंतीकडची सगळी कुसळं गळेपर्यंत तशीच ठेवणार आहे. मारवेल बी झडल्यावर कापायचा, जमिनीपासून चार बोटं सोडून.