कोमट हवा

निफाडची पौषातील पहाट. एका भुसार व्यापाऱ्याची पंधरा वर्षे जुनी मोटार नाशिकच्या वाटेला लागली होती. मागे दम्याने त्रस्त मातोश्री दोन शाली पांघरून बसल्या होत्या. हीटरचा पंखा जोरात फिरे. हवा मात्र जेमतेम कोमट. "राहू दे रे, सवय आहे मला," त्या म्हणाल्या. पुत्राला ते बोल झोंबले.

मोटारीचा हीटर म्हणजे स्वतंत्र शेगडी नव्हे; इंजिनाचे तापलेले पाणी डॅशबोर्डमागील जाळीतून फिरते, तीच ऊब. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिन थंड असतानाच कूलंट पाहिले. ते पुरेसे होते. मग गाडी फिरवून आणून हीटरच्या दोन्ही नळ्या चाचपल्या. एक गरम नि दुसरी थंड असती, तर जाळी तुंबल्याचा संशय आला असता. दोन्ही सारख्याच कोमट! तापमानाचा काटाही तळाशीच. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडून पाहतो तो जागा रिकामी. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून कोणीतरी ती काढून टाकली होती. आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो. तेव्हा 'एक कटकट गेली' म्हणून शेटजीच संतोषले होते; थंड इंजिन जास्तीचे पेट्रोल पिते, तो हिशेब कोणत्याच वहीत चढला नव्हता.

नवी झडप बसली. पुढच्या खेपेस चांदोरी येण्यापूर्वीच मातोश्रींनी एक शाल घडी करून बाजूला ठेवली.