पोटावरची पिशवी आणि परिचारिका

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी घेऊन माणूस शहापूरला घरी परततो, तेव्हा त्याला औषधाइतकीच नीट शिकवणाऱ्या परिचारिकेची गरज असते, हे आज पुन्हा जाणवलं. स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, लालसर, ओलसर असावा. पिशवी चिकटवायच्या प्लेटचं छिद्र त्याहून 2-3 मिलिमीटरच मोठं कापावं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. एवढं कळलं तरी कातडी बरीच वाचते. 1958 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी स्वतः स्टोमा असलेल्या नॉर्मा गिल यांना रुग्णांना हे शिकवण्याच्या कामासाठी सोबत घेतलं. तिथून स्टोमाच्या शुश्रूषेची ही शाखा वाढली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये परिचारिकांना हे शिक्षण मिळतं. पण शहापूरहून मुंबई फार लांब. हे प्रशिक्षण जिल्ह्याजिल्ह्यातल्या परिचारिकांपर्यंत पोचवा. रुग्णाची भीती आणि लाज दोन्ही त्याच कमी करू शकतात.