परक्याचं वकीलपत्र

औरंगाबादमध्ये औरंगपुऱ्यातल्या आणि सराफ्यातल्या जुन्या वकिलांच्या कचेऱ्या त्यांच्या राहत्या वाड्यातच असत. ओसरीवर मुन्शीजींचं उतरतं डेस्क, आत गादी-तक्क्यांची बैठक, भिंतभर कपाटांत एआयआरचे खंड आणि कपाटांवर लाल फडक्यात बांधलेल्या मिसली. पक्षकार चपला काढून आत आला की आधी पाणी येई, मग चहा. चहा संपेपर्यंत कुणी त्याला कागद दाखवायला सांगत नसे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अशाच एका कचेरीत ज्युनिअर म्हणून बसू लागलो. आमचे सर शेतीच्या वाटण्या, कूळकायदा, घरभाडं, फौजदारी असं सगळंच चालवत. त्या सगळ्यात अधूनमधून एखादा माणूस असा येई, की तो इथला आहे की परका, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असे.

लंडनमध्ये या प्रश्नाचं काम खास म्हणून करणारी बॅरिस्टरांची चेंबर्स आहेत. 1974 साली सुरू झालेलं गार्डन कोर्ट चेंबर्स त्यांतलं एक मोठं नाव. कित्येक बॅरिस्टर एका छताखाली बसतात, त्यांची कामं लावून देणारे क्लार्क असतात, आणि आश्रय मागणाऱ्याचा खटला हा तिथे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचा विषय असतो. आपल्याकडे बॅरिस्टर होते, पण ती परंपरा एकेकट्या माणसाची राहिली. या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1922 साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. इथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ सुरू झालं तेव्हा मुख्यमंत्री असलेले अंतुलेही बॅरिस्टर. 1961च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनं देशभर अॅडव्होकेट ही एकच ओळख ठेवली. वकिलाची कचेरी मात्र त्या एका वकिलाचीच राहिली. तो गेला की कपाटं मुलाकडे, आणि मुलगा इंजिनिअर असला तर रद्दीत.

तरीही त्या एकेकट्या कचेऱ्यांत परक्या माणसाविषयी एक समज होती. ती पुस्तकांतून आलेली नव्हती. आमच्या सरांच्या पिढीनं स्वतः हद्द ओलांडली होती. 1947-48 साली निजामाच्या राज्यात रझाकारांचा जाच वाढला तेव्हा मराठवाड्यातली घरंच्या घरं रातोरात बाहेर पडली. सरहद्दीपलीकडे मनमाड, उमरखेड अशा ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. कुणी लढायला गेलं, कुणी नुसतं जीव वाचवायला. औरंगाबादचा माणूस नाशिक जिल्ह्यात निर्वासित होता, ही गोष्ट आज सांगितली तर नातवंडांना खरी वाटत नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत आल्या, 17 तारखेला निजाम शरण आला आणि लोक परत फिरले. सर तेव्हा शाळकरी पोर होते. मनमाडच्या त्या दिवसांबद्दल ते क्वचितच बोलत. पण दारात कुणी "साहेब, मला इथून काढतील का?" असं विचारत आलं, की त्यांचा आवाज खाली येई.

आणि तोच जाच दुसऱ्या बाजूनंही झाला होता, हे सर कधी विसरले नाहीत. त्या सप्टेंबरनंतर भीतीनं घर सोडलेले मुसलमान पक्षकारही आमच्याकडे येत. कुणाचा भाऊ कराचीला गेलेला, कुणाचा चुलता परत आलेला पण हातात चुकीचा परवाना. 1948 पासून पाकिस्तानातून येण्याला परमिट लागे, 1952 पासून पासपोर्ट. संविधानाच्या सातव्या अनुच्छेदानं 1 मार्च 1947 नंतर पाकिस्तानात गेलेल्याला नागरिकत्व नाकारलं. कायम राहण्यासाठी परमिट घेऊन परतलेल्याला मात्र त्यातून सूट दिली. म्हणजे माणूस आपल्याच गल्लीत परतला तरी तो कोणत्या कागदावर परतला यावर सगळं ठरे. त्याची जागा-जमीन निष्क्रांत मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे गेलेली असे. निष्क्रांत मालमत्तेचा 1950चा कायदा 2005 साली रद्द झाला. तोवर दोन पिढ्या त्याच्या फायलींत गेल्या.

या मिसलींतले निम्मे कागद उर्दूत असत. हैदराबाद संस्थानात कोर्टाची भाषा उर्दू, आणि उस्मानिया विद्यापीठात कायदाही उर्दूतूनच शिकवला जाई. म्हणून देशपांडे-कुलकर्णी आडनावांचे वकीलही जुन्या फैसल्यावरची शिकस्ता लिपी भराभर वाचत. आमचे मुन्शीजी एक हात कागदावर ठेवून उर्दू वाचत आणि दुसऱ्या हातानं मराठी तर्जुमा उतरवत. बाप इथेच जन्मला, इथेच शाळेत गेला, हे सिद्ध करणारा एखादा दाखला अशाच कागदांच्या तळाशी सापडे. आज तो कागद सापडला तरी तो वाचणारा शोधावा लागतो. ही तूट मला इतर कुठल्याही तुटीपेक्षा जास्त लागते.

वरच्या कोर्टाची गोष्ट मात्र नेमकी उलटी. 1956 पर्यंत आमचं हायकोर्ट हैदराबादला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दाद मागायला मुंबई गाठावी लागली. मीटरगेजच्या गाडीनं मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई. फोर्टातल्या वकिलाला गाठून बाजू समजावायची, तारीख पडली की पुन्हा तोच प्रवास. ज्याला हद्दपारीची नोटीस आली आहे, त्यानं हे कसं करायचं? बहुतेक जण करतच नसत. हुकूम येई आणि माणूस जाई. म्हणून 27 ऑगस्ट 1981 ला इथे खंडपीठ सुरू झालं तो दिवस आम्हा वकिलांना सणासारखा वाटला. त्या निर्णयालाही आव्हान मिळालं. 1982 साली सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला आणि 1984 साली खंडपीठ कायमचं झालं. आज जालना रोडवरच्या इमारतीत मराठवाडा, खानदेश आणि नगर मिळून 12 जिल्ह्यांची कामं चालतात. सकाळी अटक झालेल्याचा भाऊ संध्याकाळपर्यंत वकिलाच्या टेबलासमोर असतो. हे आम्ही मागून, भांडून मिळवलेलं आहे.

खंडपीठ आलं त्याच सुमारास विद्यापीठात परदेशी मुलं दिसू लागली होती. पुढे येमेन, सुदान, सोमालिया, इराक, पॅलेस्टाइनची मुलं आली. पाली शिकायला थायलंडचे भिक्खू आले. बेगमपुऱ्यात, विद्यापीठाच्या आसपास ती भाड्यानं राहत, आणि घरमालकिणी त्यांना हक्कानं रागवत. नोंदणीला पोलीस आयुक्तालयात जावं लागे. तिथल्या हवालदाराला मुलाचं तोंड ओळखीचं असे. मुदत दोन दिवस उलटली तर तो आधी खडसावी, मग फॉर्म पुढे करी. आता 2018 पासून ही कामं ई-एफआरआरओ या ऑनलाइन यंत्रणेवर होतात. खेटे वाचले, चिरीमिरीची संधी कमी झाली, अर्ज कुठे अडला ते कळतं. पण कागद अपुरा असला तर ज्याला अडचण सांगावी तो माणूस समोर नसतो.

अपुऱ्या कागदांची मोठी झळ त्याआधीच येमेनच्या मुलांना बसली होती. मार्च 2015 मध्ये सनावर बॉम्ब पडू लागले. पीएचडी जमा झालेली, व्हिसा संपत आलेला, घरून पैसे बंद, विमानतळ बंद. असा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा पहिल्यांदा मला नीट बसून वाचावं लागलं. भारतानं 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, 1967च्या पूरक करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय ओळखपत्र देतं, पण त्याचं वजन कायद्यात लिहिलेलं नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची 2011ची कार्यपद्धती आहे. छळाची साधार भीती पटली तर तीत दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वाट आहे. आणि सगळ्यांत भक्कम आधार संविधानाचा. एकविसावा अनुच्छेद नागरिकाला नाही, 'व्यक्ती'ला संरक्षण देतो. 1996 साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच स्पष्ट सांगितलं. इतकं सारं उपलब्ध होतं, आणि चौतीस-पस्तीस वर्षांच्या वकिलीत मी ते एकत्र मांडून पाहिलं नव्हतं. पाहायला लावणारी कचेरीच गावात नव्हती.

दर हिवाळ्यात स्वेटरं घेऊन येणाऱ्या तिबेटी बायकांचंही तसंच. लहानपणापासून आम्ही त्यांच्याकडून कानटोप्या घेतल्या. त्यांच्याकडे नोंदणीचं एक पुस्तक असे आणि दर वर्षी ते नवं करून घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक आणि एवढंच आम्हाला. डिसेंबर 2010 मध्ये दिल्ली हायकोर्टानं नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात निकाल दिला की 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानं भारतीय नागरिक आहे. म्हणजे स्वेटरांच्या ढिगामागे बसलेली एखादी बाई आयुष्यभर नागरिक असूनही दर वर्षी परकी म्हणून शिक्का मारून घेत होती. हे तिला तेव्हाच सांगणारा वकील शहरात असायला हवा होता.

मग 2020 आलं. टाळेबंदीच्या सुरुवातीला तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवर देशभर गुन्हे नोंदले गेले. नगर जिल्ह्यातल्या 29 जणांची प्रकरणं आमच्या खंडपीठापुढे आली. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन आणि इंडोनेशियाची ही माणसं. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रसार केला आणि साथ पसरवली, असा आरोप. 21 ऑगस्ट 2020 ला न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांच्या पीठानं हे गुन्हे रद्द केले. व्हिसाच्या नियमांत धार्मिक स्थळांना भेट द्यायला, प्रवचनाला बसायला मनाई नाही, हे निकालात नियम उलगडून दाखवलं आहे. संकटाच्या काळात या परक्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता न्या. नलावडे यांनी नोंदवली आणि अतिथीला देव मानणाऱ्या परंपरेची आठवण दिली. काही निरीक्षणांपुरतं न्या. सेवलीकर यांचं मत वेगळं होतं, निकालावर दोघांचं एकमत. ज्या हवेत या माणसांचं वकीलपत्र घेणंही अवघड होतं, त्या हवेत ते घेणाऱ्या वकिलांचा मला अभिमान वाटतो. हायकोर्ट मुंबईलाच राहिलं असतं तर नगरच्या कोठडीतल्या घानाच्या माणसाला ते किती दूर पडलं असतं, हा विचार तेव्हा मनात आला.

आता कायदाच बदलला आहे. 1920चा पासपोर्ट प्रवेश कायदा, 1939चा नोंदणी कायदा आणि 1946चा परकीय नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट लागू झाला. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. आपण परके नाही हे सिद्ध करण्याचं ओझं पूर्वीसारखंच ज्याच्यावर बोट दाखवलं त्याच्यावर. मात्र जुलै 2024 मध्ये, जुना कायदा असतानाच, सुप्रीम कोर्टानं आसामच्या रहीम अली खटल्यात सांगितलं की कसलाही आधार नसताना पोलिसांनी कुणालाही उचलून 'सिद्ध कर' म्हणता येणार नाही. हे वाक्य प्रत्येक फौजदारी वकिलाच्या टेबलावर असायला हवं. दुसरीकडे आपलीच मुलं जर्मनीला, इंग्लंडला, आखातात निघाली आहेत. त्यांचा व्हिसा नाकारला गेला की आई-बाप एजंटाकडे धावतात, वकिलाकडे नाही. परकेपणाचा प्रश्न आता प्रत्येक घरात आला आहे.

जुन्या कचेऱ्यांकडे वेळ होता, दोन भाषा होत्या आणि हद्द ओलांडल्याची स्वतःची आठवण होती. जवळ कोर्ट नव्हतं. आजच्या पोरांकडे कोर्ट आहे, सगळे निकाल मोबाइलवर आहेत, आणि माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयाच्या जोडीला 2017 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही शहरात आहे. मग चार-पाच तरुण वकिलांनी एका छताखाली येऊन फक्त परक्यांचं आणि परदेशी जाणाऱ्यांचं काम करायला काय हरकत आहे? एकानं उर्दू वाचायला शिकावं, एकानं अरबी. एकानं नागरिकत्वाचा कायदा धरावा, एकानं पासपोर्टचा. फीचा हिशेब असा लावावा की जर्मनीला जाणाऱ्याच्या पैशातून येमेनच्या मुलाचा अर्ज निघेल. माझ्याकडची कपाटं मी त्यांना द्यायला तयार आहे, उर्दू मिसलींसकट. ज्या शहरानं एकदा मनमाडला आसरा मागितला, त्या शहरात आसरा मागणाऱ्याला जाणता वकील मिळायलाच हवा.