मामाचा रेझ्युमे

थर्ड इयर संपत आलं की आमच्या कॉलेजात एक साथ येते. रेझ्युमेची. लायब्ररीत, कॅन्टीनमध्ये, होस्टेलच्या जिन्यावर, जिथे बघाल तिथे कुणीतरी कुणाचा तरी रेझ्युमे मागत असतं. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांच्या कॉम्प्युटरवर तर मागच्या कित्येक बॅचेसचे रेझ्युमे पडलेले आहेत. एक उघडायचा, नाव बदलायचं, प्रिंट मारायची, झालं! त्यामुळे वर्गातल्या साठच्या साठ जणांना ‘चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’मध्येच काम करायचं असतं आणि सगळेच्या सगळे ‘टीम प्लेअर’ असतात.

पण हा लेख आमच्या रेझ्युमेबद्दल नाही. (सुटलात!) तो माझ्या मामाच्या रेझ्युमेबद्दल आहे.

मामा शेफ आहे. टीव्हीवर दिसतात तसला नव्हे. १९९९ साली तो सावंतवाडीहून मुंबईला आला आणि एका हॉटेलात पॉटवॉशला लागला, म्हणजे पातेली घासायला. पातेली कसली, त्यात मी सहज बसेन! दोन वर्षांनी कुणीतरी त्याला कांदा कापताना पाहिलं आणि तो आत, किचनमध्ये आला. तिथली शिडी आपल्या सेमिस्टरपेक्षा लांब असते. आधी कॉमी थ्री, मग टू, मग वन, मग डीसीडीपी, मग सीडीपी म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख, मग ज्युनिअर सू शेफ, मग सू शेफ आणि अगदी वर एक्झिक्युटिव्ह शेफ. ही उतरंड बसवली ऑगस्त एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच शेफने, १८९०च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात. तो स्वतः युद्धात सैन्याचा स्वयंपाकी होता, त्यामुळे किचनमध्येही पलटणीसारखी रचना आली. हे मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला, “तरीच! सुट्टी मागितली की कोर्टमार्शल होतं ते.”

तर मामा २०१७ पासून ज्युनिअर सू शेफच्या पायरीवर उभा आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याकडे डिग्री नाही. दादरच्या कॅटरिंग कॉलेजसारख्या (ते १९५४ पासून आहे) ठिकाणाहून मुलं येतात. त्यांना सुरी धरायला मामा शिकवतो आणि पाच-सहा वर्षांनी त्याच मुलांना तो ‘शेफ, गुड मॉर्निंग’ म्हणतो. याचा राग त्याच्या बोलण्यात कधी येत नाही. आईच्या बोलण्यात मात्र दर रक्षाबंधनाला येतो.

या वर्षी पुण्याच्या एका हॉटेलात सू शेफची जागा निघाली आणि मामा आमच्या घरी आला, हातात एक प्लास्टिकची फाईल घेऊन. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे घरातलं इंग्लिशचं खातं माझ्याकडेच असतं. लाईट बिलाच्या तक्रारीपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं मीच लिहिते. फाईल उघडली तर आत चार पानी बायोडेटा! वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित, उंची, छंद – वाचन आणि क्रिकेट. शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ आणि सही. कामाबद्दल जेमतेम सहा ओळी. हा कागद स्थळ म्हणून पाठवला असता तर मुलगी नक्की मिळाली असती.

“मामा, तू नक्की काय काय करतोस ते सांग,” मी म्हटलं.

“किचन सांभाळतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे सांभाळतो गो! सगळाच.”

पुढचे तीन रविवार या एका शब्दाने खाल्ले. किचन सांभाळलं, स्टोअर सांभाळलं, पोरं सांभाळली, बँक्वेट सांभाळलं, एक्झिक्युटिव्ह शेफ दोन महिने नव्हते तेव्हा तेही सांभाळलं. इंग्लिशमध्ये याला ‘मॅनेज्ड’ लिहून मोकळं होता येतं, पण तेच पाच वेळा लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात काहीच उभं राहत नाही. म्हणून मी त्याला आमच्या व्हायव्हाच्या एक्स्टर्नलसारखं छळायला सुरुवात केली. किती? कधीपासून? किती माणसं? आधी काय होतं, नंतर काय झालं?

आणि मग बाहेर यायला लागलं. ‘पोरं सांभाळली’ म्हणजे तंदूर, करी आणि गार्ड मांजे या तीन सेक्शनच्या २२ जणांची ड्यूटी लावली आणि नव्या मुलांना शिकवलं. त्यातले तिघे आज सू शेफ आहेत, एक मस्कतला. ‘बँक्वेट सांभाळलं’ म्हणजे एका वेळी ६०० माणसांचं जेवण, ते लग्नाच्या सीझनमध्ये आठवड्यातून तीनदा. ‘स्टोअर सांभाळलं’मध्ये तर खजिना निघाला.

हॉटेलात फूड कॉस्ट नावाची गोष्ट असते. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, अधिक महिन्याची खरेदी, वजा शेवटी उरलेला साठा. याला खाण्याच्या विक्रीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा सुरुवातीला ६ लाखांचा माल होता, १९ लाखांचा आणला, शेवटी ५ लाखांचा उरला. म्हणजे वापरला २० लाखांचा. विक्री ६० लाखांची, तर फूड कॉस्ट ३३ टक्के. सू शेफच्या वरच्या माणसाला झोपेत उठवून हा आकडा विचारला तरी सांगता आला पाहिजे म्हणे. मामाच्या हॉटेलात तो ३६ होता. मामाने काय केलं? मखनी, व्हाईट आणि कांदा-टोमॅटो या बेस ग्रेव्ह्या रोज ठरलेल्या मापाने होत, खप असो वा नसो. त्याने मागच्या महिन्यांचे रजिस्टर काढून वाराप्रमाणे मापं बदलली. सुरमईची डोकी आणि काटे फेकले जायचे, त्यांचा स्टॉक लावायला सुरुवात केली. साफ करून किती माल हातात उरतो ते वजन करून लिहून ठेवलं. सहा महिन्यांत ३६चे ३३ झाले. साठ लाखांवर तीन टक्के म्हणजे महिन्याला १ लाख ८० हजार!

“मामा, हे तू बायोडेटात का नाही लिहिलंस?”

“ते काय लिहायचं? माल वाया घालवू नये हे आजीनेच शिकवलंय.”

खाली ट्रंकेच्या तळासारख्या कप्प्यात एफएसएसएआयच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेटही सापडलं. गार खाणं ५ डिग्रीच्या खाली, गरम ६०च्या वर, मधल्या पट्ट्यात जंतूंची जत्रा, हे सगळं तो पाठ म्हणाला. हॅसॅपची पद्धत मुळात १९६०च्या दशकात नासाच्या अंतराळवीरांचं खाणं सुरक्षित राहावं म्हणून तयार झाली, हे मला त्याच्यामुळे कळलं. इंजिनिअरिंगला मी आहे, आणि नासाची गोष्ट मला ग्रेव्हीवाला सांगतोय!

अडलं ते दोन ठिकाणी.

पहिलं शिक्षण. मामाच्या ओळखीच्या एकाने ‘डिप्लोमाचा कागद आणून देतो’ असं सांगून ठेवलं होतं. पैसेही फार नव्हते. मामाने हे मला सांगितलं आणि गप्प बसला. मीही गप्प, कारण हे नको असं वीस वर्षांच्या भाचीने पंचेचाळीस वर्षांच्या मामाला कसं सांगायचं? शेवटी त्यानेच फाईल बंद केली. म्हणाला, “ट्रायलच्या दिवशी तो कागद कढईत घालायचा काय?” मग आम्ही शिक्षणाच्या जागी सरळ ‘बारावी’ लिहिलं आणि ते खाली ठेवलं. वर चार ओळी टाकल्या. किती वर्षं, कुठली किचन्स, किती कव्हर्स, फूड कॉस्ट किती. वाचणारा आधी ते बघेल, बारावीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

दुसरं होतं २०२०. लॉकडाऊन लागला, हॉटेल बंद पडलं, नोकरी गेली. पुढचे चौदा महिने मामा आणि मामी डोंबिवलीच्या वन रूम किचनमधून डबे देत होते. हे लिहायचं नाही, असा त्याचा हट्ट. “शेफ माणूस डबे देत होता म्हणतील.” त्यावर मामी आतून ओरडली, “मग त्या डब्यांवर पोरीची फी भरली ते पण लपवा!” मी मामीची वही मागितली. ५५ डबे, महिन्याचे २६ दिवस, ८० रुपयांप्रमाणे १ लाख १४ हजार ४००. सामान ४६ हजारांचं. खरेदी, मेनू, हिशोब, गिऱ्हाईक, सगळं दोघांनी. मला वाटतं मोठ्या हॉटेलात वीस वर्षं काढलेल्या किती जणांनी स्वतःच्या पैशाने एक महिना तरी किचन चालवलेलं असतं? मामा कुरकुरला, पण तीन ओळी गेल्या. चौदा महिन्यांचं भगदाड ठेवण्यापेक्षा बरं.

सगळं मिळून दोन पानं झाली. उंची आणि छंद काढून टाकले. क्रिकेट काढताना त्याला जरा वाईट वाटलं.

दहा दिवसांनी हॉटेलातून फोन आला. समोरच्या शेफनी फूड कॉस्टचं विचारलं, बँक्वेटचं विचारलं आणि मग म्हणे अर्धा तास डब्यांबद्दलच बोलत बसले. ८० रुपयांत रोज भाजी बदलायची कशी, याचं त्यांना भारी कुतूहल. आता येत्या सोमवारी ट्रायल आहे. काय करायचं ते तिथे गेल्यावरच कळणार. मामा कालपासून आमच्याकडे मुक्कामाला आहे. त्याने येताना स्वतःच्या सुऱ्या आणल्यात आणि आमच्या गॅलरीत बसून त्यांना धार लावतोय. आईच्या विळीलाही त्याने धार लावून ठेवली. आईने आज सकाळी पहिल्यांदा तिच्यावर कोथिंबीर चिरली आणि बोटाला बँडेड लावून आता ती दोघांशीही बोलत नाहीये, मामाशी आणि विळीशी.