कृष्णाकांठची सांगली व पुराच्या रेषा

सांगलीस जाणाऱ्या प्रवाशानें गणपतीचें दर्शन घेतल्यावर आयर्विन पुलावर अवश्य यावें. चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकीर्दींत, १९२९ सालीं, झालेल्या ह्या पुलापाशीं पाण्याची उंची फुटांत मोजतात, आणि पावसाळ्यांत साऱ्या शहराचें लक्ष त्या आंकड्याकडे असतें. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा ५७ फुटांच्याहि वर चढली.

ह्याचें मूळ भूगोलांत आहे. वर कऱ्हाडास कोयना मिळते. खालीं हरिपुरास वारणा व नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. सह्याद्रीवर सर्वत्र एकदमच पाऊस कोसळला म्हणजे ह्या खालच्या नद्या कृष्णेची वाट अडवितात, आणि पाणी सांगलीशीं तुंबतें. हरिपुरास हळद सांठविण्याचीं जमिनींतील पेवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुरानें त्यांची वाताहत केली.

सरकारी उपायांत धरणांच्या विसर्गाचा कर्नाटकाशीं मेळ घालणें आहे, तसेंच पुराचें पाणी दुष्काळी मुलुखाकडे वळविण्याची योजनाहि आहे. परंतु गृहस्थाचा निकट संबंध येतो तो पूररेषांशीं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदां संभवणाऱ्या पुराची. तिच्या आंत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांतून एकदां संभवणाऱ्या पुराची. दोहोंमधील पट्ट्यांत बांधकामावर नियंत्रण. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेंहि अलमट्टी धरणावर मुख्य ठपका न ठेवतां अतिवृष्टि व पूरक्षेत्रांतील अतिक्रमणें यांकडे बोट दाखविलें.

नियम चांगला, पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट अशा सखल वस्त्यांत आंकडा ४० वर जाण्यापूर्वींच पाणी शिरूं लागतें. इशारा शहरास मिळतो तेव्हां तेथील बायामाणसें पोरेंबाळें घेऊन बाहेर पडलेलीं असतात. २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत आले. तेव्हां "शंभर वर्षांतून एकदां" ह्या शब्दांवर विसंबून राहणें शहाणपणाचें नव्हे.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आयर्विन पुलाशीं किती फूट पाणी झालें म्हणजे आपल्या उंबऱ्याशीं तें येतें, हा आंकडा प्रत्येक खरेदीखतांत सक्तीनें नमूद व्हावा. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबानें सोपा, माजघर व देवघर पाहण्यापूर्वीं तो विचारावा. जागा स्वस्त कां, ह्याचें उत्तर पुष्कळदां त्यांतच मिळेल.